वाचणारे आणि लिहिणारे

एप्रिल 2008 मध्ये उबुंटूची 8.04 ही आवृत्ती आली. ब्रॉडकॉम कंपनीची वायरलेस चिप असलेल्या लॅपटॉपवर ती चढवल्यावर अनेकांना एकच अनुभव आला : काल चालणारे वायरलेस आज बंद. दोष नव्या आवृत्तीचा, असे म्हणून हा प्रसंग निकालात काढता येईल. परंतु त्यामागचा इतिहास संहिता कोणाची, ती वाचण्याचा अधिकार कोणाचा, या आपल्या परिचयाच्या प्रश्नांना भिडतो.

ब्रॉडकॉमने या चिपची तांत्रिक माहिती लिनक्सकारांना दिली नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी कंपनीचाच ड्रायव्हर उलगडून पाहायचे ठरवले. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून कामाची वाटणी झाली. एका गटाने मूळ ड्रायव्हर वाचून चिपच्या वर्तनाचे वर्णन लिहायचे. दुसऱ्याने मूळ न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचायचा. वाचणाऱ्याने रचायचे नाही आणि रचणाऱ्याने वाचायचे नाही, असा हा दंडक. त्यातून सिद्ध झालेला 'बीसीएम43एक्सएक्स' जून 2006 मध्ये 2.6.17 या कर्नलमध्ये दाखल झाला.

जानेवारी 2008 च्या 2.6.24 कर्नलमध्ये 'बी43' हा त्याचा उत्तराधिकारी आला, आणि उबुंटू 8.04 याच कर्नलवर उभी होती. नव्या ड्रायव्हरला फर्मवेअरही नवे लागे. फर्मवेअर म्हणजे प्रत्यक्ष चिपमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम. तो कंपनीच्या मालकीचा असल्याने उबुंटूसोबत वाटण्याची मुभा नव्हती. कर्नलच्या नोंदी वाचल्या की फर्मवेअर सापडत नसल्याचे कळे. 'बी43-एफडब्ल्यूकटर' हे साधन कंपनीच्या ड्रायव्हरमधून ते कापून काढी. मात्र तो ड्रायव्हर उतरवून घ्यायला आधी इंटरनेट हवे! लग्न होत नाही तोवर वेड जात नाही, आणि वेड जात नाही तोवर लग्न होत नाही, अशी ही गत. केबल जोडल्यावरच गाडे पुढे सरके.

सप्टेंबर 2010 मध्ये ब्रॉडकॉमने काही नव्या चिपांसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. त्यांचे फर्मवेअर वाटण्यास परवानगी मिळाली. त्याची मूळ संहिता मात्र बंदच राहिली.

म्हणजे 2008 च्या त्या बिघाडाने नवे परावलंबन निर्माण केले नव्हते. सुरळीत चालण्याखाली झाकलेले जुने परावलंबन उघडे पाडले होते. दुसऱ्याच्या कुलपातले पान आपल्या ग्रंथात आहे, हे बहुधा ग्रंथाची नवी आवृत्ती काढतानाच ध्यानात येते.