एका जहाजाचे पाहुणे

प्रवासांतील सुख आणि प्रवासांतील मान हीं दोन्ही एकच आहेत असें पुष्कळांस वाटतें. अनुभव मात्र निराळा आहे. मऊ बिछाना, वेळेवर ऊन जेवण, हांकेसरशी धांवून येणारा नोकर, हें सर्व पैसे टाकून मिळतें. परंतु वाहनाच्या धन्यानेंच आपणांस चढूं द्यावयाचें नाहीं असें ठरविलें, तर पैसे खिशांत राहतात आणि आपण धक्क्यावर राहतों. जमिनीवर ही गोष्ट तितकीशी जाणवत नाहीं, कारण गाडी न मिळाल्यास पायीं जातां येतें. समुद्रावर पायवाट नाहीं. म्हणून जलप्रवासाच्या इतिहासांत पाहुण्यांच्या सुखसोयी काय होत्या एवढें पाहून भागत नाहीं. यजमान कोण होता हेंही विचारावें लागतें.

आम्ही बारामती-इंदापूरच्या बाजूचे, पिंपळीसारख्या गांवांत वाढलेले लोक. कऱ्हा आणि नीरा या नद्या, नीरेचा डावा कालवा आणि शेतांतील विहिरी यांपलीकडे आमचा पाण्याशीं संबंध नाहीं. अशा मुलखांतील माणसांनीं विलासी जहाजांविषयीं लिहावें हें कोणास चमत्कारिक वाटेल. पण जें जहाज आमच्या मनांत आहे, त्याच्या शेवटच्या धन्यांपैकीं एकाचें नांव आमच्या इंदापूर तालुक्यांतील एका वसाहतीस मिळालेलें आहे. त्यामुळें ही हकीकत परकी नव्हे.

त्या जहाजाचें पहिलें नांव 'एम्प्रेस ऑफ इंडिया', म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. इ. स. १८८५ मध्यें कॅनडाच्या पूर्वभागापासून पॅसिफिक महासागरापर्यंतचा लोहमार्ग पुरा झाल्यावर तो बांधणाऱ्या कॅनेडियन पॅसिफिक कंपनीस महासागरापलीकडील चीन-जपानचे उतारू आणि माल हवे झाले. त्यासाठीं तिनें इंग्लंडांतील बॅरो येथें तीन बहिणी शोभतील अशीं तीन जहाजें बांधविलीं. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हें त्यांतील पहिलें. लांबी सुमारें ४५५ फूट, वजन सहा हजार टनांच्या आंतबाहेर, वेग तासास १६ सागरी मैल. चालविण्यास वाफेचीं यंत्रें होतीं; पण बाह्य रूप शिडाच्या क्रीडानौकेचें होतें. पांढरा शुभ्र रंग, पुढें झुकलेली निमुळती नाळ, तीन डोलकाठ्या. एखाद्या श्रीमंतानें हौसेनें समुद्रावर फिरावयास काढलेली नौकाच, फक्त पुष्कळ पटींनीं वाढविलेली, असा भास पाहणाऱ्यास होई.

हा थाट केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर उभा नव्हता. हाँगकाँग ते व्हँकुव्हर टपाल नेण्याबद्दल ब्रिटिश आणि कॅनडा या दोन सरकारांनीं मिळून दरसाल ६० हजार पौंड देण्याचें कबूल केलें होतें. त्याबरोबर अट अशी कीं, युद्धाचा प्रसंग आल्यास तोफा चढवितां येतील अशा बेतानें हीं जहाजें बांधावीं. पाहुण्याच्या खोलींतील आरामखुर्चीखालीं अशी साम्राज्याची तिजोरी होती. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

१८९१ च्या फेब्रुवारींत हें जहाज लिव्हरपूलहून आपल्या पहिल्या सफरीस निघालें, तेव्हां जगप्रदक्षिणेच्या हौसेनें पैसे भरलेले उतारू त्यावर होते. सुवेजचा कालवा ओलांडून लंका, पिनांग, सिंगापूर, हाँगकाँग अशीं उष्ण कटिबंधांतील बेटें पाहत पाहत ते जपानास गेले आणि २८ एप्रिल रोजीं व्हँकुव्हरला उतरले. आज ज्यास सुखसफर म्हणतात तिचा हा एक आरंभींचा नमुना होय. कालपर्यंत व्यापारी, शिपाई आणि मिशनरी यांच्याच वाट्यास आलेलीं बेटें आतां केवळ पाहण्यासाठीं पाहिलीं जाऊं लागलीं.

दोन वर्षांनीं त्याच बेटांवरून एक निराळा पाहुणा गेला. स्वामी विवेकानंद ३१ मे १८९३ रोजीं मुंबईहून 'पेनिन्सुलर' नांवाच्या बोटीनें निघाले. आदल्याच वर्षीं हे संन्यासी पुण्यास लोकमान्य टिळकांच्या घरीं कांहीं दिवस राहिले होते, आणि तेथें त्यांनीं आपलें नांवही सांगितलें नव्हतें. या प्रवासांत जें दिसलें तें त्यांनीं १० जुलै रोजीं योकोहामाहून मद्रासच्या मित्रांस पत्रानें कळविलें. कोलंबोच्या देवळांतील निजलेल्या बुद्धाची प्रचंड मूर्ति, सुमात्राचे उंच डोंगर, कप्तानानें बोट दाखवून सांगितलेले चांच्यांचे जुने अड्डे, सिंगापूरच्या बागेंतील नाना जातींचे ताडमाड, हें सर्व त्यांत आहे. तेथील मँगोस्टीन फळाची वाखाणणी आहे, आणि तरी आंब्याची सर कशालाच नाहीं असा स्पष्ट निकालही आहे. पण आम्हांस त्या पत्रांतील जें चित्र विसरतां येत नाहीं तें हाँगकाँगच्या बंदरांतलें: होडीचें सुकाणूं हातापायांनीं सांभाळणारी चिनी बाई आणि तिच्या पाठीस बांधलेलें तान्हें मूल. मोठ्या बोटीच्या कठड्याशीं उभें राहून बेटांची शोभा पाहणारे पुष्कळ असतात. त्या शोभेच्या मध्यभागीं राबणारें माणूस दिसणारे थोडे.

१४ जुलै रोजीं स्वामी योकोहामास 'एम्प्रेस ऑफ इंडिया'वर चढले. उष्ण बेटें मागें पडलीं होतीं आणि उत्तर पॅसिफिकची थंडी पुढें होती. गरम कपडे बरोबर नव्हते. इतक्या सजविलेल्या जहाजावर या पाहुण्याचा मुख्य अनुभव कुडकुडण्याचा झाला, हें त्यांच्याच पुढील पत्रावरून समजतें. २५ जुलैस ते व्हँकुव्हरला पोंचले. याच प्रवासांत त्यांस जमशेटजी टाटांचा सहवास घडला. त्या वेळीं जमशेटजी ५४ वर्षांचे आणि स्वामी तिशीचे. दोघांत काय बोलणें झालें याच्या अनेक कथा प्रसिद्ध आहेत. त्या सर्व खऱ्या धरण्याची गरज नाहीं. जमशेटजींनीं २३ नोव्हेंबर १८९८ रोजीं स्वामींस लिहिलेलें पत्र पुरेसें आहे. त्यांत ते जपानहून केलेल्या त्या सहप्रवासाची आठवण देतात, हिंदुस्थानांतील वैराग्यवृत्तीस उपयुक्त वळण लावण्याविषयींचे स्वामींचे विचार आपणांस आठवतात असें सांगतात, आणि आपल्या नियोजित विज्ञानसंशोधन-संस्थेच्या कार्यास त्यांची मदत मागतात. परक्याच्या जहाजावर दोन हिंदी पाहुणे भेटले आणि त्या भेटीचा धागा पांच वर्षांनंतरही तुटला नव्हता. पाहुणचाराचा याहून चांगला उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

तथापि त्याच जहाजाच्या खालच्या मजल्यावर दुसरे उतारू असत. ते शेंकड्यांनीं भरलेले, बहुतेक चिनी मजूर. वरच्या वर्गाचें स्वागत वाद्यांनीं होई. खालच्या वर्गांतील चिनी माणसास कॅनडाच्या भूमीवर पाऊल ठेवण्याबद्दल १८८५ पासून ५० डॉलर कर भरावा लागे, आणि १९०३ मध्यें तो ५०० डॉलरांवर गेला. हिंदी लोकांकरितां युक्ति निराळी निघाली. १९०८ च्या नियमानें आपल्या देशापासून थेट, न थांबतां आणि एकाच तिकिटावर येणाऱ्यासच प्रवेश ठेवला. आणि हिंदुस्थानापासून असें थेट तिकीट मिळण्याची सोयच ठेवली नाहीं. १९१४ च्या मे महिन्यांत 'कोमागाटा मारू' हें जपानी जहाज भाड्यानें घेऊन ३७६ हिंदी उतारू व्हँकुव्हरच्या बंदरांत आले. दोन महिने त्यांस पाण्यावर अडकवून ठेविलें, अगदीं थोड्यांस उतरूं दिलें, आणि २३ जुलै रोजीं बाकीच्यांसह जहाज परत लाविलें. एकवीस वर्षांपूर्वीं जुलैच्याच शेवटच्या आठवड्यांत स्वामी याच बंदरांत उतरले होते. बंदर तेंच होतें. पाहुणा कोणास म्हणावयाचें याचा निर्णय मात्र दुसऱ्याच्या हातीं होता.

त्याच १९१४ सालाच्या अखेरीस 'एम्प्रेस ऑफ इंडिया'चा धनी बदलला. महायुद्धांत जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठीं ग्वाल्हेरच्या महाराज माधवराव शिंद्यांच्या पुढाकारानें तें खरेदी होऊन रुग्णालयाचें जहाज बनलें. चीनच्या १९०० सालच्या मोहिमेंतही महाराजांनीं असें एक जहाज दिलेलें होतें. नव्या जहाजाचें नांव 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा, असें ठेविलें. नांवांतच त्या दानाची मर्यादा दिसते: जहाज हिंदी पैशाचें झालें, पण तें कोणाच्या लढाईसाठीं चालावें हें ठरविणारे दुसरेच होते.

युद्ध संपल्यावर तें विक्रीस निघालें, तेव्हां सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद पुढें आले. रेल्वेच्या ठेकेदारींत लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीनें नांव मिळविलेला हा गृहस्थ. समुद्राचा वारसा कांहीं नाहीं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्याबरोबर त्यांनीं २७ मार्च १९१९ रोजीं 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' नोंदविली. कंपनीस नांव जहाजाच्या जुन्या धन्याचेंच दिलें. ५ एप्रिलला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालें, आणि स्वतः वालचंद त्यावर होते. दुसऱ्याच दिवशीं, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींच्या सांगण्यावरून देशभर हरताळ पडला. एकाच जहाजावर हिंदी मनुष्य १८९३ मध्यें पाहुणा होता आणि १९१९ मध्यें यजमान झाला. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच सफरीमुळें.

येथें बहुतेक वर्णनें थांबतात. आमच्या मतें विचार येथून सुरू व्हावयास हवा. कारण यजमान होणें म्हणजे जहाज विकत घेणें इतकेंच नव्हे. २८ वर्षांचें तें जुनें जहाज चालविणें परवडणारें नव्हतें. त्याच्या तरुणपणीं दोन सरकारांचे ६० हजार पौंड त्याच्या पाठीशीं होते. आतां पाठीशीं एक नवी कंपनी आणि समोर सरकारचीच मेहेरनजर असलेल्या इंग्रज कंपन्या. हिंदी तरुणांस जहाजावरील अधिकाऱ्याचें शिक्षण देणारें 'डफरीन' १९२७ मध्यें सुरू झालें. त्यापूर्वीं आपल्याच जहाजावर आपला कप्तान ठेवण्याची सोय नव्हती. शेवटीं १९२३ मध्यें लॉर्ड इंचकेप यांच्या कंपनीशीं दहा वर्षांचा करार करून सिंदिया कंपनीनें किनाऱ्यावरील मालवाहतुकीपुरतें समाधान मानलें आणि ७५ हजार टनांची मर्यादा पत्करली. त्याच वर्षीं 'लॉयल्टी' मोडींत निघालें. ज्या मुंबईहून तें गौरवानें निघालें, तेथेंच त्याचे तुकडे झाले.

मग ती सफर व्यर्थ गेली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पण तिचें मोल आरंभांत नसून त्यानंतरच्या चिकाटींत आहे. जहाज गेलें, कंपनी टिकली. विशाखापट्टणम येथें २१ जून १९४१ रोजीं राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीचा पाया घातला गेला आणि १४ मार्च १९४८ रोजीं तेथें बांधलेलें 'जलउषा' पंडित नेहरूंनीं पाण्यांत सोडलें. दुसऱ्याचें जुनें जहाज घेऊन पाहुण्याचा यजमान होण्याची पहिली पायरी चढतां आली. आपलें नवें जहाज बांधण्यास आणखी २९ वर्षें लागलीं.

याच मधल्या काळांत वालचंदांनीं आमच्या तालुक्यांत कळंबच्या माळावर, नीरेच्या पाण्याच्या आधारें, ऊस आणि साखर यांची वसाहत उभी केली. तिचें नांव वालचंदनगर. तिकडे जाणाऱ्या आमच्या लोकांस त्या नांवामागील कारखाना ठाऊक असतो. जहाज ठाऊक नसतें. आमच्या भागांतील मुलांस ५ एप्रिलची गोष्ट सांगावयाची असेल तर ती सबंध सांगावी: थंडीनें कुडकुडणारा संन्यासी, खालच्या मजल्यावरील चिनी मजूर, बंदरांतून परत लावलेले ३७६ जण, राजनिष्ठेच्या नांवाचें रुग्णालय, आणि चार वर्षांत मोडींत निघालेलें तें पहिलें आपलें जहाज. केवळ विजयाचा भाग सांगितला तर उत्सव साजरा होईल, पण आपलीं जहाजें समुद्रावर इतक्या उशिरां कां आलीं याचें उत्तर मुलांस मिळणार नाहीं.