उघड गोष्टीलाही पुरावा हवा

तीन पाचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा. क्रम बदलला तरी गुणाकार तोच. मग यात सिद्ध ते काय करायचं, असं मुलं विचारतात. श्रोतेहो, मोठमोठे गणितीही पुष्कळ काळ असंच धरून चालले होते.

16 ऑक्टोबर 1843 रोजी हा समज ढळला. आयर्लंडचा गणिती हॅमिल्टन पत्नीसह डब्लिनकडे कालव्याच्या काठाने चालला होता. कित्येक वर्षे अडलेला प्रश्न चालता चालता सुटला आणि त्याने चाकूने पुलाच्या दगडावर सूत्र कोरले. त्याच्या नव्या संख्यांत इ गुणिले ज केले की क येतो. ज गुणिले इ केले, तर उणे क! क्रम बदलला, उत्तर बदलले.

मग भरवसा ठेवायचा कशावर? पुढे 1854 मध्ये आर्थर केली याने एक निबंध लिहिला. तेव्हा तो लंडनला वकिली करीत असे. घटक संख्याच असले पाहिजेत असे नाही, क्रिया कोणते नियम पाळते ते पाहा, हा त्याचा रोख. फ्रान्सच्या तरुण गाल्वाने आणलेला ‘गट’ हा शब्द त्याने पुढे नेला. 1882 मध्ये जर्मनीच्या फॉन डिकने व्यस्ताची अटही स्पष्ट मांडली.

आज गटाचे नियम चारच. क्रियेचे उत्तर गटातच राहावे. तीन घटकांत कंस कुठेही घालता यावा. एखादा अविकारक असावा. प्रत्येकाला व्यस्त असावा. क्रम बदलण्याची मुभा यात नाही.

पण अविकारक एकच, हे कशावरून? समजा अ आणि ब असे दोन आहेत. अ वर ब ची क्रिया करा. ब अविकारक, म्हणून उत्तर अ. अ अविकारक, म्हणून तेच उत्तर ब. तेव्हा अ म्हणजेच ब. झाली सिद्धता!

व्यस्ताचंही तसंच. सदरा घालून वर कोट चढवला, तर उतरवताना आधी कोट काढावा लागतो. दोन क्रिया उलटवायच्या, तर शेवटची आधी उलटवावी. क्रम बदलून भागत नाही, तिथं हे फार जपावं लागतं.

म्हणून गुरुजनांना एवढंच सांगणं आहे. वर्गात एखादा मुलगा ‘हे कशावरून?’ म्हणाला, तर त्याला खाली बसवू नका. त्याच्या हाती खडू द्या.