भिंग जुने, चित्र नवे

चलच्चित्राचा जन्म स्थिर छायाचित्रकारांच्या हातून झाला. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लंडनहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळके हेही आधी छायाचित्रकारच. १९१२ मध्ये लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्याने त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टिपली, तीही ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन. स्थिर चित्रांची रांग म्हणजेच चलच्चित्र!

स्थिरचित्रांच्या आणि चलच्चित्रांच्या कॅमेऱ्यांचे भिंगही एकाच कुळातले. झाइस कंपनीतील पॉल रुडॉल्फ यांनी १९०२ मध्ये सिद्ध केलेले चार काचांचे 'टेसार' भिंग दोन्हीकडे वापरले गेले. पुढे स्टॅन्ली कुब्रिक यांनी 'बॅरी लिंडन' (१९७५) या चित्रपटातील मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग टिपण्यासाठी नासाकरिता बनवलेले झाइसचे ५० मि.मी. भिंग कॅमेऱ्यात फेरफार करून बसवले.

२००८ च्या सुमारास स्थिरचित्रांचे डिजिटल कॅमेरे उत्तम चलच्चित्रण करू लागले आणि कपाटात पडून राहिलेल्या भिंगांना पुन्हा काम मिळाले. पण कोणतेही भिंग कोणत्याही कॅमेऱ्यावर का चालत नाही? याचे उत्तर शाळेतल्या भिंगाच्या सूत्रातच आहे. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागे ठरावीक अंतरावरच स्पष्ट पडते. म्हणून भिंगाची बैठक आणि फिल्म यांतील अंतर प्रत्येक पद्धतीत निश्चित असते. ४२ मि.मी. आट्यांच्या जुन्या भिंगांसाठी ते ४५.४६ मि.मी. आहे. सोनीच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात ते १८ मि.मी. असल्याने २७.४६ मि.मी. जाडीची कडी मध्ये घातली की काम भागते. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात मात्र हे अंतर ४६.५ मि.मी. आहे. तिथे तेच भिंग सुमारे १ मि.मी. पुढे राहते. ५० मि.मी. भिंग असेल, तर साधारण अडीच मीटरांपलीकडचे काही स्पष्ट दिसत नाही. राजापुरीच्या धक्क्यावरून समोरच्या माणसाचा चेहरा टिपता येईल, पण मागचा जंजिरा धूसरच राहील!

रायगडच्या किनाऱ्यावर जुन्या भिंगाची आणखी एक परीक्षा होते. काशीदच्या पुळणीवर दुपारी वाळू, पाणी आणि आकाश तिन्ही झगझगतात. काचेचा उघडा पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो. टेसारमध्ये हवेला लागून असे सहा पृष्ठभाग असतात, म्हणजे जवळजवळ २२ टक्के प्रकाश वाटेतच वळतो. त्यातला काही आतल्या आत परावर्तित होऊन फिल्मवर पोचतो आणि सावल्या फिकट करतो. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी केले. आज काही चित्रपटकार नेमका तोच फिकेपणा शोधत जुन्या भिंगांकडे वळतात. दोष कशाला म्हणायचे आणि गुण कशाला, हे कामावर ठरते.

या भिंगांचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. दमट हवेत, विशेषतः कातडी पिशवीत, काचेवर बुरशी वाढते. तिच्यातून पाझरणारी आम्ले लेप खातात आणि मग तो डाग पुसूनही जात नाही. कोकणातल्या घरांत अशी किती भिंगे दरवर्षी निकामी होत असतील! हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी एवढ्यावर ती वाचतात.

शाळेत एखादा बंद पडलेला कॅमेरा असेल, तर त्याचे भिंग टाकू नका. अंधाऱ्या वर्गात ते उघड्या खिडकीसमोर धरा आणि मागे कागद पुढे-मागे सरकवा. बाहेरचे माड उलटे, पण रंगीत आणि हलताना दिसतील. भिंग आणि कागद यांतले अंतर मुलांनाच मोजू द्या. (सूर्याकडे मात्र भिंगातून कधीही पाहू नये.)