तुझी काउंटी कोणती?

दोन वर्षांपूर्वी प्रोजेक्टनिमित्त तीन महिने न्यू जर्सीत होतो. एडिसनला. (आपली निम्मी आयटी जनता तिथेच असते म्हणा!) तिथल्या टीममधल्या एका गोऱ्या आजोबांनी एकदा लंचला विचारलं, "तू भारतातला, ते ठीक. पण काउंटी कोणती?" मी ऐटीत सांगितलं, ठाणे. लोकसंख्या किती? मी फोनवर २०११ च्या जनगणनेचा आकडा काढून दाखवला : १ कोटी १० लाख ६० हजार. आजोबांचा घास हातातच राहिला. अख्ख्या न्यू जर्सी राज्याची लोकसंख्या त्याहून कमी! तेव्हा ठाणे हा देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता.

मग त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "एवढ्या लोकांचं काउंटी बोर्ड निवडून कोण देतं?"

आणि मी गप्प. जन्मापासून नौपाड्यात राहतोय, पण माझा जिल्हा नेमका कोण चालवतं हे मला धड सांगता येईना. परत आल्यावर विकांताला वाचत बसलो, त्याचा हा वृत्तांत.

आधी भूगोल. तिसरीच्या पुस्तकात आम्हाला जो ठाणे जिल्हा होता तो पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला थेट गुजरात असा ऐसपैस होता. क्षेत्रफळ साडेनऊ हजार चौ. किमी., तालुके १५. उल्हास आणि वैतरणा या दोन मोठ्या नद्या. गंमत म्हणजे ज्या ठाणे शहरावरून जिल्ह्याचं नाव पडलं त्याचा जुना भाग, आमच्या नौपाड्यासकट, मुख्य जमिनीवर नाहीच. तो साष्टी बेटावर आहे! कळव्याचा पूल ओलांडला की मुख्य जमीन सुरू. रोज लोकलने खाडी ओलांडताना हे कुणाच्या डोक्यात येतं?

या बेटामुळेच तर सगळा इतिहास घडला. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं घेतलं. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला, कारण मुंबई सुरक्षित ठेवायची तर साष्टी हातात हवी. (तो किल्ला म्हणजेच आजचं सेंट्रल जेल.) वाचता वाचता लक्षात आलं की इथून पुढे या जिल्ह्याच्या नकाशावर जी जी रेघ मारली गेली, तिच्यामागे बहुतेक वेळा मुंबईची कुठली तरी गरज आहे.

१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे आपल्याला पाठ असतं. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. मुंबईला पाणी कमी पडू लागलं तेव्हा शहापूर तालुक्यात तानसा धरण बांधलं, ते १८९२ मध्ये सुरू झालं. १९२० साली साष्टीचा मोठा भाग ठाणे जिल्ह्यातून तोडून मुंबई उपनगर जिल्हा केला. मग बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये वाढली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. माझ्या घरापासून मुलुंड चेकनाका रिक्षाने दहा मिनिटं. ती रेघ जरा इकडे पडली असती तर मी मुंबईकर म्हणून मिरवलो असतो :-)

माणसंही अशीच येत गेली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. (आज तिथल्या कितीतरी कंपन्यांच्या जागी आयटी पार्क आहेत, म्हणजे आम्ही आहोत.) दादर-गिरगावात जागा परवडेना म्हणून मराठी मध्यमवर्ग डोंबिवलीला उतरला. १९८२ मध्ये ठाण्याची आणि १९८३ मध्ये कल्याणची महापालिका झाली. जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये साडेबावन्न लाख होती, ती २०११ मध्ये दुपटीहून जास्त झाली. वीस वर्षांत डबल!

पण जे आधीपासून इथे होते त्यांचं काय? आगरी, कोळी, कुणबी, वारली, कातकरी, ठाकूर. आमच्या पत्त्यातला 'पाडा' हा शब्दच घ्या ना. मोखाड्याला आजही वस्तीला पाडाच म्हणतात. आमच्याकडे शब्द राहिला आणि वस्ती गेली.

१९४५ च्या जानेवारीत आपल्या लोकलच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली होती. तिथून प्रेरणा घेऊन तलासरी-डहाणू भागातल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्यांच्याबरोबर होत्या गोदावरी परुळेकर. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच आदिवासी मारले गेले. हा सगळा 'ठाणे जिल्ह्याचाच' इतिहास, पण शाळेत पहिली रेल्वे जेवढी शिकवली तेवढा हा कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा कुठे सगळ्यांना आठवलं की लोकलच्या जिल्ह्यात हेही आहे. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं.

कारण मूळ अडचण अंतराची होती. मोखाड्याच्या माणसाला जिल्हाधिकारी कार्यालयात एक कागद द्यायचा तर शंभराहून जास्त किलोमीटर तोडून ठाण्याला यायचं. शेवटी १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा फुटला. आठ तालुक्यांचा पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. ठाण्याकडे सात तालुके आणि सुमारे ८० लाख माणसं राहिली, पालघरकडे सुमारे ३० लाख, त्यात दर तीन माणसांमागे एकापेक्षा जास्त आदिवासी. मी तेव्हा बारावीत. आमच्या घरी चर्चा एवढीच झाली, "आता गाड्यांचे नंबर बदलणार का?"

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येतो.

एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत आहे तिथे २५ गावं-शहरं आहेत आणि काउंटीचं सात जणांचं बोर्ड. शहरातला असो की बाहेरचा, त्या बोर्डाला सगळेच मत देतात. आपल्याकडे तसं नाही. जिल्हाधिकारी साऱ्या जिल्ह्याचा, पण तो निवडून आलेला नसतो. जिल्हा परिषद निवडून आलेली, पण ती फक्त ग्रामीण भागाची. मी महापालिकेचा मतदार, जिल्हा परिषदेला मी मत देत नाही. शहापूरचा शेतकरी जिल्हा परिषदेला देतो, माझ्या महापालिकेला नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीमुळे जिल्हा नियोजन समिती आली, तिथे दोन्हीकडचे निवडून आलेले सदस्य एकत्र बसतात आणि अध्यक्ष असतात पालकमंत्री. म्हणजे नौपाडा आणि शहापूर एका टेबलावर येतात ते तेवढेच. त्या टेबलावर माझ्या वतीने कोण बसतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला आहे?

बरं, निवडणुका तरी वेळेवर? विभाजनानंतर ठाणे जिल्हा परिषदेची निवडणूक झाली २०१७ च्या डिसेंबरात. तीन वर्षांहून जास्त काळ सगळा कारभार प्रशासकाकडे. शहराचं दुखणंही वेगळं नाही. कल्याण-डोंबिवलीत २०२० च्या नोव्हेंबरपासून आणि ठाण्यात २०२२ च्या मार्चपासून नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ ठाण्यात पालिकेसाठी मतदानच झालं नाही. आम्ही त्याबद्दल केवढी बोंब मारली? काहीच नाही. नळाला पाणी येत होतं ना!

पाण्यावरून आठवलं. खरं तर याच गोष्टीसाठी हे सगळं टंकतोय.

गेल्या मे महिन्यात ऑफिसची सहा टाळकी माहुलीला गेलो होतो. आसनगावला उतरून शहापूर तालुक्यातला माहुलीगड. मे महिन्यात जाणं हा शुद्ध गाढवपणा, पण सगळ्यांच्या सुट्ट्या तेव्हाच जमल्या. उतरेपर्यंत बाटल्या ठणठणीत. खाली आलो तर एका घराच्या ओटीवर आजी बसलेल्या. पाणी मागितलं. त्यांनी हंड्यातून तांब्या भरून दिला. आम्ही ढसाढसा प्यायलो. आमच्यातल्या एकाने सवयीने उरलेलं पाणी तोंडावर मारलं, मानेवरून ओतलं.

आजी काही ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरा, पी हवं तितकं. पण सांडू नको. टँकर परवा येल."

त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. हो, तो पोरगा मीच.

तानसा याच तालुक्यात. भातसा याच तालुक्यात. मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं एकट्या भातशाचं. माझ्या ठाण्याची स्वतःची योजनासुद्धा भातसा नदीवरच पिसे इथून पाणी उचलते. आणि शहापूरच्या गावांना दर उन्हाळ्यात टँकर. धरण डोंगराखाली, गावं वर, नळयोजना अर्धवट, अशी कारणं सांगतात, आणि इंजिनियर म्हणून मला ती समजतातही. पण पाणी शंभर किलोमीटर लांब नेता येतं आणि पाच किलोमीटर वर चढवता येत नाही, हा प्रॉब्लेम इंजिनियरिंगचा नाही एवढंही मला समजतं. ज्याच्या मताला जिथे वजन, तिथे पाइप जातो.

जिल्हा फोडून मोखाड्याचा कागद जवळ आला, ते चांगलंच झालं. पण शहापूर आणि मुरबाड आमच्याकडेच राहिले, आणि त्यांच्यात नि आमच्यात कुठल्याही नकाशावर नसलेली एक रेघ अजून आहे. ती नेमकी कुठे आहे ते मला त्या ओटीवर दिसलं.

आजोबांना परवा मेल टाकली. लिहिलं की आमच्या काउंटीला बोर्ड नाही, एक कमिटी आहे, आणि तिच्यात माझ्या वतीने कोण बसतं ते मी शोधतोय. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं, शोधलंस की त्यांना पत्र लिही.

लिहायला घेतलंय. आजींचं नाव विचारायचं राहून गेलं, त्यामुळे सुरुवात जरा अडलीय.

असो. उद्या सोमवार, ८.०७ ची लोकल आहे.