काळ्या-पांढऱ्या छायाचित्राचें प्रामाण्य : अजिंठ्याचा दाखला

बखर, सनद, नाणें व शिलालेख यांच्या पंगतीस इतिहासाचें साधन म्हणून छायाचित्र येऊन बसलें, त्यास आतां सुमारें पावणेदोनशें वर्षें होत आलीं. तथापि आमच्या वडीगोद्रीसारख्या गांवांतून सध्यां एक नवीच हौस दिसूं लागली आहे. घरांतील आजा-पणज्यांचीं काळीं-पांढरीं छायाचित्रें मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून रंगवून घ्यावयाचीं, फेटा गुलाबी करावयाचा, लुगडें हिरवें करावयाचें, आणि मूळ प्रत माळ्यावर टाकून द्यावयाची. भिंतीपुरती ही हौस आम्ही समजूं शकतों. परंतु अशीं चित्रें मूळ म्हणून ग्रंथांत व संग्रहांत शिरूं लागलीं, तर पुढील संशोधकाची फसगत अटळ आहे.

या प्रश्नावर अजिंठ्याचा दाखला विचार करण्याजोगा आहे, आणि तो आम्हांस घरचाच आहे. १९८१ सालीं जालना जिल्हा निराळा होईपर्यंत वडीगोद्रीचा अंबड तालुका व अजिंठ्याचीं लेणीं हीं एकाच, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असत.

मद्रासच्या पलटणींतील अधिकारी मेजर रॉबर्ट गिल यांस ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत नकला करण्याच्या कामीं नेमलें. वर्षानुवर्षें खपून त्यांनीं केलेल्या भव्य नकला विलायतेस रवाना झाल्या, लंडननजीक सिडेनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसांत मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगींत त्यांतील बहुतेक भस्मसात् झाल्या. पुढें १८७२ पासून मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हां नकला करविल्या; त्यांपैकींही कित्येक १८८५ सालीं लंडनलाच दुसऱ्या आगींत गेल्या. मात्र गिल यांनीं कॅमेऱ्यानेंही लेणीं टिपलीं होतीं, आणि त्यांचीं ७४ छायाचित्रें १८६४ सालींच जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह ग्रंथरूपानें निघालीं होतीं. एका कांचेवरून पुष्कळ प्रती निघतात, म्हणून तीं वांचलीं. यांत काळ्या-पांढऱ्याचें श्रेय कांहीं नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु त्या छायाचित्रांत काय आहे व काय नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. खांब, चैत्यगृहें, दर्शनी कोरीव काम हें सर्व आहे; भित्तिचित्रें जवळजवळ नाहींत. लेण्यांतील अंधार हें एक कारण. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. त्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या कांचेस निळा-जांभळा प्रकाशच काय तो दिसे. तांबडा व पिवळा बहुधा दिसत नसे. अजिंठ्याच्या चितारीचे मुख्य रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुना आणि कांहीं ठिकाणीं लाजवर्दी निळा. अशा कांचेवर गेरू आणि काजळ दोन्ही काळींच उमटावयाचीं, आणि लाजवर्दी निळा पांढुरका. सर्व रंग जाणणाऱ्या कांचा बाजारांत आल्या त्या १९०६ च्या सुमारास, आणि गांवोगांवच्या छायाचित्रकारांच्या हातीं पडावयास आणखी पुष्कळ काळ गेला. मग पणजोबांच्या फेट्याची काळी छटा तांबड्याची, हिरव्याची कीं खरोखरच काळ्याची, हें कांचेनेंच सांगितलेलें नसतां आजचें यंत्र कोठून सांगणार? तें सांगतें तो अंदाज, आणि अंदाजाची खूण मात्र कोठेंच ठेवीत नाहीं.

असें अपुरें असूनही हें चित्र डोळ्यांस धरून ठेवतें, तें कां? आमच्या शास्त्रकारांनीं हा विचार पूर्वींच केला आहे. विष्णुधर्मोत्तरपुराणांतील चित्रसूत्राचा अभिप्राय असा कीं, आचार्यांस रेखा रुचते, जाणत्यांस छायाप्रकाशाची वर्तना, आणि रंगांची रेलचेल सामान्य जनांस. आम्ही या श्रेणींत इतरेजनांचा अपमान मानीत नाहीं; पण रेखा व वर्तना हींच काळ्या-पांढऱ्या छायाचित्राचीं दोन अंगें आहेत, हें लक्षांत घ्यावें.

हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम यझदानी यांनीं अजिंठ्यावर १९३० ते १९५५ या काळांत चार खंड काढले. त्यांच्या ग्रंथाच्या नांवांतच रंगीत व एकरंगी या दोन्ही प्रतिकृतींचा उल्लेख आहे, आणि तो योग्यच आहे. जुन्या हातांनीं भिंतींवर लावलेलें लाखेचें रोगण पिवळें पडत गेलें. रंगीत प्रतिकृतींत मूळ चिताऱ्याचा रंग किती आणि रोगणाचा किती, हें सोडवणें कठीण. रेखेची वळणें आणि गळून पडलेल्या गिलाव्याची मर्यादा एकरंगी पानांत निवांतपणें तपासतां येते.

टिकाऊपणाचीही गोष्ट आहे. नीट धुतलेल्या प्रतींतील चांदी पिढ्यान्‌पिढ्या टिकते; उलट १९७०-८० च्या दशकांतील लग्नाचीं रंगीत छायाचित्रें आजच तांबूस पडलेलीं घरोघरीं दिसतील.

यास्तव आमची सूचना एवढीच कीं, रंगविलेली प्रत छापणारानें रंग कोणीं व केव्हां भरला तें तिच्याखालीं छापावें, आणि मूळ प्रत कोरड्या जागीं, निराळ्या कागदांत ठेवावी. अशा जुन्या प्रतींच्या पाठीवर क्वचित् मोडींत लिहिलेलें नांव व साल सांपडतें. रंगविण्याच्या घाईंत ती पाठ कोणी पाहत नाहीं.