माशांच्या आहार-अभ्यासातील पर्यावरणीय डीएनए-दूषण

माशाच्या जठरातील अन्नाची ओळख डीएनएवरून पटवताना, त्याने न खाल्लेल्या जीवांचा डीएनए पाण्यातून, जाळ्यातून किंवा प्रयोगशाळेतून नमुन्यात शिरणे. पूर्वी जठर चिरून कवचे, काटे, खवले सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. मऊ अंगाचे भक्ष्य त्यात निसटे. मेटाबारकोडिंगने, म्हणजे नमुन्यातील मिश्र डीएनएवरून एकाच वेळी अनेक जाती ओळखण्याच्या पद्धतीने, तेही सापडू लागले. मात्र पीसीआरमध्ये मोजक्या रेणूंच्या कोट्यवधी प्रती होत असल्याने भेसळही तितकीच फुगते.

उगम : समुद्री मासे शरीरातील पाण्याची तूट भरून काढण्यासाठी समुद्राचे पाणी पितात, त्यातील डीएनए थेट आतड्यात जातो. गोड्या पाण्यातील मासे फारसे पाणी पीत नाहीत, पण घासासोबत गिळतात.

सर्वांत अवघड प्रश्न जाळ्याचा. मुंबई-पालघर किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या ओढीत लावलेल्या डोल जाळ्यात बोंबील आणि जवळा एकत्रच येतात, आणि जवळा हे बोंबलाचे नेहमीचे खाद्य. मोकळ्या पाण्यात खाल्लेला, जाळ्यात कोंडल्यावर गिळलेला आणि अंगाला नुसता चिकटलेला जवळा डीएनएत वेगळा दिसत नाही. म्हणून तोंडात व घशात अडकलेला, अजिबात न पचलेला जवळा बाजूला काढणे इष्ट.

दक्षता : मासा होडीवरच सुट्या पिशवीत घालून बर्फात ठेवावा. चिरण्यापूर्वी बाहेरून धुवावा, जठर दोन्ही टोकांना बांधून काढावे आणि दर माशाला हातमोजे बदलावेत. कात्री-चिमटे सोडियम हायपोक्लोराइटने व नंतर शुद्ध पाण्याने धुवावेत. नुसत्या अल्कोहोलने जंतू मरतात, डीएनए उरतो. निष्कर्षण व पीसीआर या दोन्ही टप्प्यांवर कोरा (जठरातील अन्न न घातलेला) नमुना चालवणे अनिवार्य; तो नसलेल्या यादीवर विसंबू नये.

पकडीच्या जागेचे पाणी गाळून त्याचाही डीएनए वाचतात. त्यात आढळलेल्या जाती आहारातून सरसकट वजा कराव्यात का, याबाबत एकमत नाही. कारण भक्ष्यही त्याच पाण्यात राहते.

यजमानाचा (खाणाऱ्या प्राण्याचा) डीएनए : हे दूषण नव्हे, पण भक्ष्याचा डीएनए त्याखाली झाकला जातो. व्हेस्टहाइम व जारमन यांनी 2008 मध्ये अंटार्क्टिक क्रिलच्या आहार-अभ्यासासाठी यजमानाचा डीएनए रोखणारे प्रायमर वापरले.

संगणकीय गाळणी : कोऱ्या नमुन्यांतील डीएनए-वाचनांच्या संख्येवरून किमान मर्यादा ठरवतात आणि तिच्याखालील नोंदी वगळतात.

मर्यादा : भक्ष्याच्या पोटातील भक्ष्य कोणत्याही धुण्याने वेगळे होत नाही. बोंबील स्वजातीची पिल्लेही खातो. तेथे खाणारा व खाल्लेला यांची जात एकच असल्याने मेटाबारकोडिंग निरुपयोगी ठरते आणि जठर उघडून पाहावेच लागते.