सेल्फचा ‘खट’ : हँडल गेलं, पण गाडी अजून बोलते

आजची नोंद पिकाची नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीची आहे.

पावसाळा लागला की कळव्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत एकच तक्रार कानावर येते : “चावी फिरवली की खट वाजतं, पण सेल्फ घेत नाही.” मागं पालक-मेथीच्या जुड्या भरलेल्या असतात. दोन तास उशीर झाला की माल कोमेजतो आणि भाव पडतो. मग घाईघाईत माणूस नवी बॅटरी घेतो, नाहीतर अख्खा सेल्फच बदलून टाकतो. तो खर्च करण्याआधी हा ‘खट’ आला कुठून, ते बघू. त्याच्या इतिहासातच दुरुस्ती दडलेली आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हँडल मारलंय. पुण्याला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी उभी राहिली आणि पुढं विहिरीविहिरीवर डिझेल इंजिनं आली. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडलनं चाकाला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. जुन्या जीपलाही पुढून हँडल घालायची सोय असायची. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं, म्हणून जाणती माणसं अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला सांगत. पण त्या हँडलचा एक गुण होता. इंजिन जाम आहे की कॉम्प्रेशन गेलंय, हे थेट हाताला कळायचं.

हे कष्ट वाचवले चार्ल्स केटरिंग यांनी. १८७६ साली अमेरिकेतल्या ओहायोत, शेतावर जन्मलेला हा माणूस. गाड्यांकडे वळण्याआधी त्यांनी दुकानातल्या कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवली होती. त्यातून एक गोष्ट त्यांना पक्की माहीत होती : क्षणभरच जोर लावायचा असेल, तर छोट्या मोटरमधूनही भरपूर करंट नेता येतो. १९११ मध्ये त्यांनी कॅडिलॅकसाठी विजेचा सेल्फ-स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या मॉडेलवर तो आला. आपण आजही ‘सेल्फ’ म्हणतो तो हाच. सेल्फचा जो दातेरी भाग फ्लायव्हीलला जाऊन भिडतो, त्याला आपले मिस्त्री ‘बेंडिक्स’ म्हणतात. तेही व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाचं नाव.

आता मुद्दा असा, की चावीचा एवढासा स्विच दीडशे-दोनशे अँपिअर सोसू शकत नाही. म्हणून मध्ये सोलेनॉइड बसवतात. चावी फक्त त्याच्या कॉइलला थोडा करंट देते. कॉइल आतला दांडा ओढते, बेंडिक्स पुढं सरकतं, जाड संपर्क जुळतात आणि बॅटरीचा मोठा करंट मोटरला जातो. बोअरच्या पॅनेलमधला कॉन्टॅक्टर बऱ्याच अंशी याच तत्त्वावर चालतो. कळव्याच्या सीमेन्स कारखान्यात जे स्विचगिअर बनतं, त्याच भाऊबंदकीतला हा प्रकार. म्हणजे ‘खट’ वाजलं, तर छोटा करंट पोचलाय आणि मोठा कुठंतरी अडलाय, हाच त्याचा निरोप.

“हॉर्न वाजतोय म्हणजे बॅटरी चांगली आहे,” असं बरेच जण म्हणतात. हिशोब करून बघा. टर्मिनलच्या जोडात फक्त ०.०३ ओहम अडथळा आहे असं धरा. हॉर्नला ५ अँपिअर लागले, तर ०.१५ व्होल्ट वाया गेले, ते कळतही नाही. पण सेल्फ २०० अँपिअर ओढायला गेला, तर ६ व्होल्ट त्या जोडातच गेले. निम्मी बॅटरी संपली!

म्हणून आधी कान द्या. ‘टकटकटक’ असं भरभर वाजत असेल, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा जोड कच्चा असतो. संपर्क जुळतो, व्होल्टेज कोसळतं, कॉइल सोडते, व्होल्टेज परत येतं, पुन्हा ओढते. एकच दणकट ‘खट’ येत असेल, तर अर्थिंगची केबल, सोलेनॉइडचे जळलेले संपर्क, झिजलेले कार्बन किंवा जाम मोटर यांपैकी काहीतरी असतं. त्याच वेळी हेडलाइट बघा. लाइट मरगळला तर बॅटरी आणि जोड तपासा. लाइट तसाच राहिला तर सेल्फकडे वळा.

मग मीटर लावा. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२ च्या खाली असेल तर उतरलेली. त्यानंतर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगमध्ये दोष आहे.

गेल्या पावसाळ्यात खारेगावच्या बाजूला शेजाऱ्याचा भाजीचा पिकअप असाच अडला होता. सेल्फ बदलायचं जवळजवळ ठरलंच होतं. बॅटरी मी मोजली, १२.५ भरली. अर्थिंगवर मात्र ५ व्होल्टच्या वर दिसले. खाडीची खारी हवा आणि पावसाचं पाणी, यांनी चॅसिसवरच्या बोल्टखाली गंज धरला होता. बोल्ट सोडला, पॉलिश पेपरनं घासला, घट्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. पहिल्याच चावीला इंजिन उचललं. पार्ट एकही लागला नाही, माल ठाण्याच्या बाजारात वेळेवर पोचला.

हे काम करताना गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला ठेवा. केबल सोडताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना ती शेवटी लावा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. बॅटरीजवळ विडी-काडी तर नकोच, तिथं हायड्रोजन असतो.

मिरगाच्या आधी आपण बियाणं तपासतो, नांगराचा फाळ बघतो. त्याच दिवशी टर्मिनल आणि अर्थिंगचे बोल्टही बघून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, एक पाना पुरतो.